तुरटीबाई

"हा स्कर्ट आहे की सुकलेला कोबी?" असं म्हणून मादाम पुलेनं स्कर्ट ओनोरीनच्या टेबलावर आपटला. जाळीच्या सात थरांचा तो स्कर्ट, पण पुठ्ठा आपटावा तसा आवाज झाला.

ओनोरीननं हातातली इस्त्री शेगडीवर ठेवली, स्कर्ट उचलून उलटसुलट पाहिला आणि म्हणाली, "स्कर्टच आहे. कोबी असता तर मी एव्हाना सूप केलं असतं."

मी कोपऱ्यात चोळीला हुक लावत बसले होते. मला फस्सकन हसू आलं आणि सुई बोटात गेली.

"थट्टा पुरे झाली हं, बाई," मादाम पुले म्हणाली. "माझ्या कोरालीला या खेळात एकटीचा नाच मिळायचाय. बाकीच्या तेवीसजणी मागे गुडघे टेकून बसणार आणि माझी लेक मधोमध! तिनं काय हे पिवळं फडकं गुंडाळून उभं राहायचं?"

"पिवळं नाही. फार तर मळकट म्हणा."

"आणि मिळायचाय म्हणजे अजून मिळाला नाही," मी मध्येच तोंड घातलं. "शुक्रवारच्या रंगीत तालमीत मास्तर ठरवणारेत, कोराली की आग्लाए."

मादाम पुलेनं माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प हुक लावायला लागले. तेव्हा मी चोवीस वर्षांची होते, पण तोंडाचा पट्टा आत्ताइतकाच चालायचा. आता त्रेपन्नावी उलटली. या थिएटरच्या कपडेखान्यात तीस वर्षं काढली, आणि त्यातली बरीचशी ओनोरीनच्या टेबलापाशीच. ते टेबल मला कसं मिळालं तेच सांगायचंय. त्यात माझी शोभा नाही हे आधीच सांगून ठेवते.

ओनोरीन ब्रेशारला सगळ्या पोरी तुरटीबाई म्हणायच्या. तिचं काम काय, तर नाचणाऱ्यांचे स्कर्ट तुरटीच्या पाण्यात बुडवायचे. नुसती तुरटी नव्हे, टाकणखार आणि आणखी एक औषधवाल्याकडची पांढरी पूड. सरकारी हुकूमच होता तसा. तेव्हा स्टेजवर विजेचे दिवे नव्हते. गॅसच्या उघड्या ज्योती होत्या, पुढे पायांशी एक रांग, वर एक रांग, दोन्ही विंगांत उभ्या रांगा. आणि त्यांच्यामधून पोरी फिरायच्या, अंगावर वाऱ्यानं हलेल अशी मलमल नि जाळी घालून. विंगेत बंबवाला ओलं घोंगडं घेऊन उभा असायचा, तोही निम्मा वेळ पोरींचे पाय बघण्यात गुंग. म्हणून मग हे पाणी. त्यात बुडवून, न पिळता वाळवलेलं कापड पेटत नाही, काळं पडतं आणि विझतं.

पण ते दिसायला घाणेरडं. पांढऱ्याशुभ्र जाळीवर पिवळट झाक यायची. कापड कडक व्हायचं, पावसाळी हवेत उलट दमट नि चिकट व्हायचं. उडी मारली की स्कर्ट वर तरंगत राहायला हवा, तो थपकन खाली यायचा. पोरींना त्याचा भयंकर राग. आणि त्यात आमच्या डायरेक्टरनं एक पळवाट काढून ठेवली होती. छापील चिठ्ठी. "माझा स्कर्ट बुडवू नये, जे होईल त्याची जबाबदारी माझी," आणि खाली सही. मोठ्या नर्तकींनी सगळ्यांनी सह्या केलेल्या. त्यांचे स्कर्ट बाहेरच्या शिंपिणींकडून यायचे, दुधासारखे पांढरे. मागच्या रांगेतल्या पोरींना कोण विचारतो? त्यांचे चोवीसच्या चोवीस स्कर्ट ओनोरीनच्या टबातून जायचे. असं करता करता थिएटरात पद्धतच पडून गेली. जिचा स्कर्ट पांढरा ती मोठी, जिचा पिवळा ती मागची. पहिल्या रांगेतले, वर्षाचे पैसे भरून बसणारे काळ्या कोटवाले वर्गणीदारसुद्धा दुर्बीण लावून आधी कापडाचा रंग बघायचे, मग तोंड.

म्हणून मादाम पुले त्या दिवशी रिकाम्या हातानं आली नव्हती. तिनं पोतडीतून ती छापील चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. कोराली सोळा वर्षांची, म्हणून सही आईची. डायरेक्टरचा शिक्काही होता.

ओनोरीननं चिठ्ठी वाचली. दोनदा वाचली.

"पोरीला विचारलंत?"

"पोरीला काय विचारायचंय? मी आई आहे."

कोराली दारातच उभी होती. लांब मान, बारीक मनगटं, अंगावर तालमीची शाल. ओनोरीननं तिला विचारलं, "काय गं, तुला काय हवंय?"

"मला पांढरा हवाय," कोराली म्हणाली. मग हळूच, "तुरटीबाई, प्लीज. आग्लाएच्या आईनंही चिठ्ठी मागितलीय."

आग्लाएच्या आईला चिठ्ठी मिळाली नव्हती, ती फळं विकायची आणि डायरेक्टरपर्यंत तिची पोच नव्हती. हे ओनोरीनला माहीत होतं. तिनं चिठ्ठी घडी करून एप्रनच्या खिशात टाकली आणि म्हणाली, "बरं. नवा शिवते. बुधवारी न्या."

मादाम पुले जिंकल्यासारखी निघून गेली. या आयांबद्दल काय सांगावं! प्रत्येक पोरीमागे एक आई. थिएटरच्या बोळात दिवसभर बसायच्या, विणकाम, टोपलीत पाव नि सॉसेज, आणि दुसऱ्यांच्या पोरींच्या चुका मोजायच्या. मादाम पुले विधवा होती, कुठल्याशा वकिलाकडे स्वयंपाकाला जायची, आणि सात वर्षांच्या कोरालीला हाताला धरून तिनं इथे आणलं होतं. तेव्हापासून तिचा सगळा जीव त्या पोरीच्या पायांत. तिला वाईट म्हणवत नाही मला. पण तेव्हा म्हणत होते.

"देणार तिला तसाच?" मी ओनोरीनला विचारलं.

"दार लाव आधी."

मी दार लावलं. ती टबाशी गेली आणि बाही वर सरकवली. तिचे हात कोपरापर्यंत भेगाळलेले असायचे. हिवाळ्यात भेगांतून रक्त यायचं, मग ती चरबी चोळून जुन्या मोज्यांचे तुकडे बांधायची. एकोणिसाव्या वर्षी हीच ओनोरीन याच स्टेजवर शेवटच्या रांगेत उभी राहायची. पांढऱ्या, पोटरीपर्यंतच्या घेरदार स्कर्टांची फॅशन नवी आली त्या सालची गोष्ट. चांदण्यातल्या भुतांसारख्या दिसणाऱ्या पोरी लोकांना फार आवडायला लागल्या होत्या. अकरा वर्षं ती भूत होऊन नाचली, मग गुडघा गेला आणि कपडेखान्यात आली. त्या अकरा वर्षांत तिनं एकदा काय पाहिलं होतं ते ती सांगत नसे. मी एकदा खोदून विचारलं तेव्हा एवढंच म्हणाली होती, "ती माझ्या उजव्या हाताला उभी असायची. नाव मेलानी." पुढे विचारायची मला छाती झाली नाही.

"नीळ आहे का तुझ्याकडे?" तिनं विचारलं.

"कपड्यांना घालायची? आहे की."

"आण. आणि तांदळाची खळ कर, पातळ."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. दोन दिवस आम्ही तेच करत बसलो. तुरटी कमी, टाकणखार जास्त, वर निळीचे थेंब, म्हणजे पिवळी झाक मरते. एका थराचा तुकडा बुडवायचा, वाळवायचा, खिडकीशी धरायचा. पहिला निळा झाला, दुसरा राखाडी. सातवा तुकडा उजेडात धरला आणि मी म्हटलं, "अगंबाई!" पांढरा. अगदी मोठ्या नर्तकीच्या स्कर्टाइतका नव्हे, पण दहा पावलांवरून कुणाच्या बापाला कळलं नसतं. ओनोरीननं त्याची कड मेणबत्तीत धरली. काळी पडली, धूर झाला, विझली.

"आता हे मादाम पुलेला सांगायचं ना?" मी विचारलं.

"वेडी की काय? बुडवलाय म्हटलं की ती तो पांढराय हे बघणारसुद्धा नाही. तिला पिवळाच दिसेल."

"पण चिठ्ठी? शिक्का?"

"चिठ्ठी खिशात आहे," ती म्हणाली. "तू तोंड बंद ठेव, एवढं कर. जमेल?"

मला ते जमलं. तेवढंच जमलं, खरं तर.

बुधवारी मादाम पुले आली तेव्हा ओनोरीन औषधवाल्याकडे खार आणायला गेली होती. मी स्कर्ट काढून दाखवला. बाईच्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. तिनं दोन बोटांनी जाळी उचलली, गालाला लावली.

"कसा पांढरा आहे! बघ, नुसत्या कापडाची गोष्टच वेगळी." मग कपाळाला आठी. "पण जरा दमट लागतोय का गं?"

"हवा पावसाळी आहे, मादाम."

"मी घरी नेते. जरा इस्त्री फिरवते आणि शुक्रवारी घेऊन येते. न बुडवलेल्याला काय होतंय?"

खरं म्हणजे कपडेखान्यातला कपडा बाहेर द्यायचा नाही असा नियम होता. मोठ्यांचे स्कर्ट त्यांच्या घरीच असायचे, ती गोष्ट निराळी. मी म्हणायला हवं होतं की थांबा, ओनोरीनबाई येऊ देत. पण मादाम पुलेनं टोपलीतून रुमाल सोडला, आत वकिलाच्या घरून आणलेला आलुबुखारांचा टार्ट, अर्धा. ती म्हणाली, "घे पोरी, तुझ्यासाठी आणलाय." मी सकाळपासून कॉफीवर होते. मनाशी म्हटलं, इस्त्रीनं काय होणार आहे? ओनोरीनही इस्त्री करतेच की. "न्या," मी म्हटलं आणि टार्ट खाल्ला. ओनोरीन आल्यावर तिला सांगितलं की शुक्रवारी घालून बघायला आणणारेत. ती खाराच्या पुड्या सोडत होती, तिनं नुसतं मान हलवल्यासारखं केलं.

शुक्रवारी दोन वाजता रंगीत तालीम. वर्गणीदार आलेले, डायरेक्टर पहिल्या रांगेत, बॅले मास्तर काठी आपटत फिरतोय, गॅस पूर्ण लावलेला. कपडेखान्यात तेवीस पोरींची रांग. ओनोरीनची एक पद्धत होती. स्कर्ट पोरीच्या हातात देण्याआधी अगदी आतल्या थराच्या कडेचा नखाएवढा तुकडा ती कापायची आणि मेणबत्तीत धरायची. प्रत्येक वेळी, प्रत्येक स्कर्टाचा. पोरी कंटाळायच्या. "तुरटीबाई, कालच तर जाळून बघितलात!" "काल काल होता," ती म्हणायची. डायरेक्टरही कुरकुरायचा की अशानं स्कर्ट खुरटतात.

तेवीस तुकडे काळे झाले आणि विझले. शेवटी मादाम पुले आली, दोन्ही हातांवर स्कर्ट आडवा घेऊन, मागे कोराली. स्कर्ट तर असा दिसत होता की सगळ्या पोरी गप्प झाल्या. आग्लाएनं तर मान फिरवली.

"हुक लावायचेत फक्त," मादाम पुले म्हणाली.

"एक मिनिट," म्हणून ओनोरीननं कात्री घेतली.

"याला कशाला? हा बुडवलेला नाही!"

पण तुकडा कापून झाला होता. ओनोरीननं तो चिमट्यात धरून ज्योतीजवळ नेला. ज्योतीला टेकायच्याही आधी तो गेला. भक्कन झालं आणि चिमट्यात काही उरलंच नाही.

ओनोरीनचा चेहरा पांढराफटक पडला. मला आधी काही समजलंच नाही.

"मादाम, याला काय केलंत?"

"काय केलं म्हणजे? धुतला. दमट लागत होता, कुबट वास येत होता. साबणाच्या पाण्यातून काढला, दोनदा स्वच्छ खळबळला आणि ताज्या खळीत घातला. बघा, कसा झालाय! तुमच्याकडून आला तेव्हा निम्मासुद्धा पांढरा नव्हता."

बुडवलेलं कापड धुवायचं नसतं हे आमच्यातलं शेंबडं पोरही जाणतं, पाण्यात सगळा खार निघून जातो. पण तिला कुठे माहीत होतं की हा बुडवलेला आहे? आम्हीच तर लपवलं होतं. आणि घरी कुणी नेऊ दिला, तर मी.

"तो बुडवलेला होता," ओनोरीन म्हणाली. "मी बुडवला होता."

मादाम पुलेला कळायला थोडा वेळ लागला. मग तिचा आवाज चढला. "माझी सही असताना? डायरेक्टरचा शिक्का असताना? तू मला फसवलंस? लाज नाही वाटत, म्हातारे? स्वतःला कधी एकटीचा नाच मिळाला नाही म्हणून माझ्या पोरीवर जळतेस!"

"पोरी, तुझ्यासाठी दुसरा काढते," ओनोरीन कोरालीला म्हणाली, जणू आई तिथे नव्हतीच. "फळीवर एक जादा आहे. बुडवलेला, पण चांगला बसतो."

"तिनं पिवळा घालून मधोमध उभं राहायचं? मग आग्लाएत आणि तिच्यात फरक काय? कोराली, हात वर कर. हा मी घालते तुला. सही माझी आहे, जबाबदारी माझी आहे." आणि तिनं स्कर्ट पोरीच्या डोक्यावरून घालायला उचलला.

पुढे जे झालं ते इतकं झटपट झालं की मी हुकाची डबी धरूनच उभी राहिले. ओनोरीननं स्कर्ट ओढून घेतला, दुसऱ्या हातात मेणबत्ती घेतली आणि मागच्या दारानं दगडी चौकात गेली. धावली नाही, चालत गेली, गुडघा दुखत असताना ती जशी चालायची तशी. आम्ही सगळ्या मागे. तिनं कमरपट्टा धरून स्कर्ट लांब केला आणि कडेला ज्योत लावली.

"एक," ती म्हणाली. नाचाचे ठेके मोजतात त्या आवाजात. "दोन. तीन. चार."

चारला तिच्या हातात फक्त पट्टा उरला होता. तोही तिनं टाकून दिला. चौकात राखसुद्धा धड पडली नाही, काळे पापुद्रे वर उडाले आणि भिंतीपलीकडे गेले. एक लहान पोरगी रडायला लागली.

मग घंटा झाली.

ओनोरीन आत आली, फळीवरचा जादा स्कर्ट काढला, त्याचाही तुकडा कापून जाळून बघितला, आणि कोरालीपुढे धरला. "घाल. वेळ आहे अजून. पाय तुझेच आहेत ना, कापडाचे नाहीत."

कोरालीचा हात पुढे आला होता. मी शपथेवर सांगते, आला होता. पण मादाम पुलेनं तिचं मनगट धरलं. "माझी मुलगी चिंधी घालून जाणार नाही. डायरेक्टरांना बोलवा! आत्ताच्या आत्ता बोलवा!" कोरालीनं आईकडे पाहिलं, स्कर्टाकडे पाहिलं, आणि हात खाली गेला.

बाहेर मास्तरची काठी आपटली. त्यानं दारातून डोकं घातलं, कोरालीला अर्ध्या कपड्यांत बघितलं आणि ओरडला, "आग्लाए! चल, तू ये!" आग्लाए पिवळ्या स्कर्टात गेली आणि नाचली. चांगली नाचली. पुढे ती मोठी झाली, पांढरे स्कर्ट घालण्याइतकी मोठी, पण ते निराळं.

संध्याकाळी डायरेक्टरनं ओनोरीनला बोलावलं. मलाही. थिएटरची मालमत्ता जाळली, सहीशिक्क्याची चिठ्ठी डावलली, वर्गणीदारांसमोर तमाशा केला. ओनोरीन सगळ्याला हो म्हणाली.

"आणि स्कर्ट इमारतीबाहेर कुणी जाऊ दिला?"

मी तोंड उघडलं होतं. उघडलं होतं की नाही, आता नक्की सांगता येत नाही. मला वाटतं उघडलं होतं.

"मी," ओनोरीन म्हणाली.

मी खाली जमिनीकडे बघत राहिले. फरशीला एक तडा होता, तो कुठून कुठे जातो ते मी नीट पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून टब माझा झाला.

ती बातिन्योल वस्तीतल्या धुणीघरात जायला लागली, लोकांच्या चादरी धुवायला. मी पहिल्या वर्षी दोन-तीनदा गेले कॉफी घेऊन. माफी मागायची म्हणून जायचे आणि न मागता परत यायचे. ती त्या दिवसाबद्दल बोलायचीच नाही. एवढंच विचारायची, "खार किती घालतेस? तुकडा कापतेस ना रोज?" मी म्हणायचे, कापते. आणि खरंच कापत होते. दुसऱ्याच वर्षी दुसऱ्या एका थिएटरात एक नर्तकी स्टेजवर पेटली. पांढऱ्या स्कर्टातली, सही केलेली. मग आमच्याकडच्या चिठ्ठ्या बंद झाल्या, सगळे स्कर्ट टबातून जायला लागले. मला वाटलं आता तरी कुणी म्हणेल की ब्रेशारबाईंना परत बोलवा. कुणी म्हटलं नाही. मीही नाही म्हटलं. मला ती जागा हवी होती.

पुढे शत्रूच्या फौजेनं शहराला वेढा घातला, त्या हिवाळ्यात जाळायला लाकूड मिळेना, त्यात तिच्या छातीत कफ झाला आणि ती गेली. मला महिन्यानं कळलं.

त्यानंतर स्कर्ट आखडत गेले. माझ्या फुटपट्टीवर मी बघत आलेय. ओनोरीन नाचायची तेव्हा पोटरीपर्यंत. कोरालीच्या वेळी गुडघ्याखाली चार बोटं. मग इटलीहून पायाच्या बोटांवर गरागरा फिरणाऱ्या बाया आल्या, त्यांना पाय दाखवायचे होते, स्कर्ट गुडघ्यावर गेला. आणि आता तर कमरेपासून आडवाच निघतो, दहा-बारा थर एकमेकांवर टाचलेले, पोरीला खुर्चीवर बसायची सोय नाही. नावसुद्धा बदललं. आता सगळे याला टुटु म्हणतात, तान्ह्या पोराच्या ढुंगणाला म्हणावं तसं. स्टेजवर विजेचे दिवे आले. टब तळघरात गेला. तुरटीबाई आता कुणाला लागत नाही.

परवा कोराली आली. मी आधी ओळखलं नाही. पंचेचाळिशीची जाडजूड बाई, डोक्यावर पिसांची टोपी. तिनं टोपीवाल्याशीच लग्न केलं. आग्लाएला मिळालेली जागा तिला कधीच मिळाली नाही, नऊ वर्षं मागच्या रांगेत उभी राहिली आणि मग सोडून दिलं. तिची मुलगी जेर्मेन यंदा लागलीय, तिचं माप द्यायला आली होती. मी टुटु पोरीच्या कमरेला लावला तेव्हा कोराली ओरडलीच.

"एवढंच? बाकीचा कुठाय?"

"आई!" जेर्मेन म्हणाली.

"फॅशन आहे, मादाम. हल्ली सगळं दिसतं," मी म्हटलं.

पोरीला वर तालमीला पिटाळलं आणि कोराली खुर्चीत बसली. टेबलावरून हात फिरवला. "हे तेच टेबल ना? त्या तुरटीवाल्या म्हातारीचं. वाटोळं केलं तिनं माझं. आई मरेपर्यंत तिला शिव्या देत होती. म्हणायची, एवढा एक दिवस त्या बाईनं मत्सर केला नसता तर…"

तीस वर्षं ही बाई गावभर असंच सांगत होती, मला माहीत होतं. आणि तीस वर्षं मी ऐकून घेत होते. त्या दिवशी का कोण जाणे, मला ऐकवेना. मी टाचण्यांची डबी बंद केली आणि सगळं सांगितलं. निळीचं, सातव्या तुकड्याचं, टार्टचं. "स्कर्ट मी दिला होता तुझ्या आईला. ओनोरीननं नाव स्वतःचं सांगितलं, माझं नाही. तिची नोकरी माझ्यामुळे गेली आणि तिच्या खुर्चीत मी बसले. शिव्या द्यायच्या तर मला दे."

कोरालीनं खुर्ची मागे सरकवली. मला वाटलं आता उठून जाईल.

"तू चौकात होतीस?" तिनं विचारलं.

"होते."

"मी पण मोजत होते. तिच्याबरोबर." ती हातमोज्याचं बटण काढत घालत राहिली. "माझा नाच सोळा ठेक्यांचा होता. घरी जाताना तेच डोक्यात. चारात सगळं संपलं, मग बाराचं काय केलं असतं मी? रात्रभर झोप नाही. पण सकाळी आई रडत होती, आणि मग मलाही वाटायला लागलं की त्या बाईनंच केलं. ते सोपं होतं गं. सोळा वर्षांची होते. जळले असते तरी चाललं असतं, पण मधोमध जळले असते, असं वाटायचं तेव्हा."

"आणि आता?"

"आता गुडघे दुखतात," ती म्हणाली आणि हसली. मग हसू गेलं. "कुठे पुरलंय तिला? एकदा जाऊन येते."

"सार्वजनिक खड्ड्यात होती. त्यांची मुदत पाच वर्षं. नंतर जागा दुसऱ्यांना देतात."

"म्हणजे काहीच नाही?"

"काहीच नाही."

तिनं मान हलवली, टोपी नीट केली, माझ्या दोन्ही गालांवर ओठ टेकवले आणि निघाली. आमचा गोल लोखंडी जिना फार उभा आहे, त्यातून जाडजूड माणसाला कठीण. तिनं एका हातानं कठडा धरला आणि दुसऱ्या हातानं स्कर्ट गुडघ्यापर्यंत उचलून धरला, बायका एकट्या असताना उचलतात तसा. मोजा एकीकडचा घसरून घोट्यावर आला होता. मी वर दारात उभी राहून बघत होते. भरलेल्या, गोऱ्या पोटऱ्या, एका नसेची निळी गाठ, आणि कुठेही भाजल्याचा एकसुद्धा डाग नाही. ती सावकाश, एकेक पायरी करत, खाली उतरून गेली.